बांधावरचा गंधार

आषाढात बँडला सुपारी नसते.
शहानूर ब्रासचे लाल कोट
डांबरगोळ्यांच्या वासात पेटीत झोपलेले,
आणि मी जालन्याच्या जुन्या जिनिंगच्या शेडमध्ये
ट्रम्पेट घेऊन भिंतीकडे तोंड करून उभा.

मागे खुर्चीवर सालोमन आढाव सर, रेल्वेतून रिटायर,
तरुणपणी सिकंदराबादच्या इन्स्टिट्यूटमध्ये
दर शनिवारी जॅझ वाजवलेला माणूस.
आता दात नाहीत.
म्हणून फुंकत नाहीत, बोलतात.

"बारा खणांचं घर आहे हे. मोजत हिंडू नको.
पण लाईट गेली तरी
कितव्या खणात उभा आहेस ते पायाला कळलं पाहिजे."

मला लाईट असतानाही कळत नव्हतं.
सतरा वर्षं वरातीत वाजवलं,
कॅसेटमध्ये जे तेच,
गायिकेनं जिथं श्वास घेतला तिथंच माझाही श्वास.
स्वतःचं वाजव म्हटल्यावर
बोटं पिस्टनवर अशी बसली
जशी परक्याच्या घरी पोरं बसतात.

सर म्हणाले, बाहेर ऐक.
बाहेर हापसा होता, झिजलेला.
दांडा खाली जाताना लांब, वर येताना आखूड,
लांब-आखूड, लांब-आखूड,
मुनीरा हंडा भरत होती.
दीड महिना मी त्या हापशासोबत वाजवलं.
ती एकदा वैतागून म्हणाली,
"हंडा मेरा, हौर ताल तुम्हारा?"

मग गंधार.
कोमल लावला, सरांनी मान हलवली.
शुद्ध लावला, तरी हलवली.
"दोघांच्या मधल्या बांधावरून चाल."

बांध मला माहीत आहे.
वीतभर बांधापायी माझ्या दोन चुलत्यांनी
अंबडच्या कोर्टात बावीस वर्षं घातली,
आणि त्याच बांधावरची, कुणाचीच नसलेली बोरं
सगळ्यात गोड लागायची.
तो सूर तिथं उगवतो.
ओठ जरा ढिला सोडला की येतो,
जास्त सोडला की नुसती हवा.

चुकलो किती, त्याचा हिशोब नाही.
"चुकीचा सूर दारात आला तर हाकलू नको," सर म्हणायचे,
"आधी पाणी विचार. मग बघू कोणाचा कोण."

मार्गशीर्षात सुपारी लागली. बदनापूरकडची वरात,
आणि रेल्वेचं फाटक बंद.
घोडी धुरानं शिंकत होती,
जनरेटर एक ढेकर देऊन गप्प झाला,
आमचं ठरलेलं गाणं तिसऱ्यांदा संपलं.
तेवढ्यात मालगाडीनं भोंगा दिला.
कोमल नाही. शुद्ध नाही.

मी पाणी विचारलं.

पहिल्या चार खणांत नुसता तोच सूर,
उलटून पालटून,
शेंगेतून दाणा काढावा तसा.
पाचव्यात पाय घसरला.
सातव्यात हरवलो, खरंच हरवलो,
पुढं फक्त डबे, डबे, डबे.
ढोलावरचा इलियास माझ्याकडं बघत
लांब-आखूड द्यायला लागला.
त्याला कुणी शिकवलं नव्हतं.
मुनीरा त्याची बायको.

कितवा खण? अकरावा.
पायाला कळलं.
बारावा मी रिकामा सोडला.
त्यातून गार्डाचा डबा गेला, लाल दिवा हलवत.

फाटक उघडलं.
नवरदेवाचा मामा ओरडला,
"ए बाबा, नाचायचं वाजव की काहीतरी!"
आम्ही नाचायचं वाजवलं.
मालकानं माझे पन्नास रुपये कापले.

रात्री सरांना फोन केला, सगळं सांगितलं,
बारावा रिकामा सोडला हेही.
पलीकडून बराच वेळ नुसती हवा,
बोळक्या तोंडातली,
हसले की फुंकले, कळलं नाही.

"पन्नासच?" ते म्हणाले.
"मग अजून भितोयस तू."